बारमाही पावसाच्या मुलखात

मे महिन्याच्या 25-26 तारखेला आमच्या नांदगाव पेठेत भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते. सूर्य नेमका डोक्यावर येतो. रोहिणी लागलेली असते, नवतपा सुरू झालेला असतो आणि अमरावतीचा पारा 44-45 अंशांवर ठाण मांडून बसतो. महामार्गावर चिटपाखरू दिसत नाही. एमआयडीसीतून सुटलेली पोरं तोंडाला दुपट्टे गुंडाळून घर गाठतात. संत्र्याच्या बागेत आंबिया बहार टिकवायचा म्हणून शेतकरी विहिरीच्या तळाकडे आणि ठिबकच्या नळ्यांकडे आळीपाळीने बघत असतो. अशा दिवसांत आम्ही दोघं नवरा-बायको नागपूरहून दोहामार्गे डब्लिनला उतरलो आणि तिथून मोटारीने आयर्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, केरी काउंटीत पोचलो. मुलगी आणि जावई तिथल्या ट्रॅली गावात राहतात. दोघंही दवाखान्यात नोकरीला आहेत.

उतरलो तेव्हा पारा तेरा अंशांवर होता आणि पाऊस चालू होता. पाऊस म्हटल्यावर आपल्या मनात जे येतं त्यातलं काहीच तिथे नव्हतं. ढगांचा गडगडाट नाही, वाऱ्याची वावटळ नाही, मातीचा वास नाही. हवेतच पाणी तरंगत होतं आणि चालता चालता माणूस आपोआप भिजत होता. बाया पोरांच्या ढकलगाड्या घेऊन बाजारात निघालेल्या, म्हातारे कुत्री फिरवणारे, पोरं फुटबॉल खेळणारी. कुणी आडोशाला धावलं नाही, कुणी आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही. छत्र्याही थोड्याच. पाऊस अटलांटिकवरून वाऱ्याबरोबर आडवा येतो, छत्री उलटी होते, म्हणून लोक टोपीचा रेनकोटच अंगात घालतात.

रात्री गावाकडून भावाचा फोन आला. "कावो दादा, पानी येऊन रायलं का तिकडं?" म्हटलं, "येऊन रायलं." लगेच पुढचा प्रश्न, "किती आलं? ओल किती गेली?" आमच्याकडे पावसाची चौकशी अशीच होते. पहिला पाऊस झाला की शेतकरी वावरात जाऊन मातीत हात घालतो, ओल बोटभर गेली की वीतभर, ते बघतो आणि मग पेरणीचं ठरवतो. केरीत हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथली जमीन कोरडी होतच नाही, तर ओल किती गेली हे मोजायचं कशाला?

पण मला आकड्यांचा नाद आहे, म्हणून दुसऱ्या दिवसापासून आकडे बघू लागलो आणि खरं आश्चर्य तिथे सुरू झालं. या काउंटीत व्हॅलेन्शिया नावाची जुनी हवामान वेधशाळा आहे. तिथला वर्षाचा सरासरी पाऊस साडेपंधराशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या मेळघाटातल्या चिखलदऱ्यातही साधारण दीड हजार मिलिमीटरच पडतो. म्हणजे मापात दोन्ही गावं बरोबरीची. तिकडे पूर्व किनाऱ्यावरच्या डब्लिनला वर्षाला जेमतेम साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो. आमच्या अमरावतीला आठशे ते नऊशे. हिरव्यागार म्हणून जगात नाव असलेल्या देशाच्या राजधानीपेक्षा, टँकरची वाट बघणाऱ्या वऱ्हाडात पाऊस जास्त! हा आकडा मी पुन्हा पुन्हा पडताळून बघितला.

फरक मापात नाही, वाटपात आहे. आमचा पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत येतो, आणि त्यातही खरे पावसाचे दिवस पन्नासच्या आसपास. एखाद्या रात्री शंभर मिलिमीटर ओतून तो वावरातली माती नाल्यात नेतो आणि मग पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. आयर्लंडच्या पश्चिम भागात वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पावसाचे असतात, म्हणजे त्या दिवशी निदान एक मिलिमीटर तरी पडतोच. थोडा थोडा, रोजच्या रोज, बाराही महिने. आणि पडलेलं उडून जात नाही. तिथे वर्षभरात बाष्प होऊन उडणारं पाणी पाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. आमचा सूर्य वर्षाकाठी पावसापेक्षा कितीतरी जास्त पाणी उडवायला तयार असतो, फक्त उडवायला पाणी उरत नाही.

दुकानात, बसमध्ये आम्ही महाराष्ट्रातले म्हटलं की लोक लिओ वराडकरांचं नाव काढायचे. 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. त्यांचे वडील डॉक्टर म्हणून तिकडे गेले. बायको म्हणाली, कोकणातल्या माणसाला इथल्या पावसाचं काय नवल वाटणार? पण वाटलं असेल. कोकणात आभाळ फाटतं हे खरं, तरी तिथेही ऑक्टोबर ते मे अंगण कोरडंच असतं. वर्षभर न थांबणारा पाऊस मराठी मुलखात कुठेच नाही.

आणि थंडी? व्हॅलेन्शिया 52 अक्षांशावर आहे. याच अक्षांशावर सायबेरियातलं इर्कुत्स्क येतं, जिथलं बैकल सरोवर हिवाळ्यात गोठून त्यावरून मोटारी जातात. समोरच्या तीरावर कॅनडाचा लॅब्रॅडॉर, तिथे समुद्रावर बर्फ धरतो. आणि केरीच्या किनाऱ्यावर जानेवारीची सरासरी सात अंश, जुलैची पंधरा. सबंध वर्षाचा चढउतार आठ अंशांचा! आमच्याकडे एप्रिलच्या एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा अंशांचं अंतर पडतं. सगळ्या आयर्लंडच्या नोंदीत सर्वांत जास्त म्हणून सांगितलं जाणारं तापमान 33.3 अंश आहे, तेही 1887 सालचं. आमच्याकडे फेब्रुवारी संपता संपता हा आकडा येऊन जातो.

याचं कारण समुद्र. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेला उबदार पाण्याचा प्रवाह अटलांटिक ओलांडून या किनाऱ्याकडे येतो, आणि नैर्ऋत्येचा वारा त्या पाण्यावरची ऊब व बाष्प उचलून जमिनीवर आणतो. हिवाळ्यातही तिथला समुद्र नऊ-दहा अंशांखाली सहसा उतरत नाही. जुन्या वाड्याची जाड मातीची भिंत दिवसाचं ऊन पोटात ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते, तसा हा समुद्र उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यापर्यंत पुरवतो. म्हणून सायबेरियाच्या अक्षांशावर मी ताडासारखी दिसणारी झाडं अंगणात उभी बघितली, माणसापेक्षा उंच वाढलेले नेचे बघितले. रस्त्याच्या दोन्ही कडांना लाल-जांभळ्या लोंबत्या फुलांची फ्यूशियाची कुंपणं मैलोन् मैल होती. ते झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं. इथे त्याने रानात मुक्काम केला आहे.

केरीत आयर्लंडचं सर्वांत उंच शिखर आहे, कॅरनटूहिल. उंची 1038 मीटर. आमचं चिखलदरा गावच 1100 मीटरच्या वर वसलेलं आहे! पण हा बुटका डोंगर समुद्रावरून आलेल्या ढगाला अडवतो आणि ढग तिथे रिकामा होतो. या डोंगररांगांतल्या बालाघबीमा खिंडीत 1960 साली वर्षभरात 3965 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो त्या देशाचा उच्चांक.

इंद्रधनुष्य बघावं तर केरीत. आमच्याकडे ते सकाळी किंवा दिवस कलताना दिसतं, कारण सूर्य क्षितिजापासून 42 अंशांच्या वर चढला की जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसू शकत नाही. केरीत डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य जेमतेम चौदा-पंधरा अंश वर येतो. माणसाची दुपारची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास चौपट लांब पडते. सर येते, जाते, ऊन पडतं, पुन्हा सर येते. त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही वेळी आभाळात कमान उभी. हिवाळ्यात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डिंगल गावाच्या वाटेवर, ऐन बाराच्या ठोक्याला, दोन कमानी एकमेकींवर उभ्या बघितल्या. आजूबाजूला चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीवर पाण्याचे थेंब चमकत होते. मी गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

बायकोचं नवल वेगळं होतं. मे महिना म्हणजे वऱ्हाडात गच्चीवर कुरड्या, सरगुंडे, पापड, मुंगवड्या वाळवण्याचा महिना. सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खणखणीत वाजते. ट्रॅलीत धुतलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही. तिथे जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक बंद कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टाकीच्या उबेवर फळ्यांवर घड्या रचायच्या, मग त्या अंगात घालण्याजोग्या होतात. मुलीने ते कपाट उघडून दाखवलं तेव्हा उबदार हवेचा झोत आला आणि बायको म्हणाली, "बाप्पा! एवढं ऊन यांनी कपाटात जपून ठेवलं अन् आपल्याकडे ते रस्त्यावर सांडून रायलं."

शेतीतही वाळवणं हीच तिथली मोठी चिंता. शेजारी ऐंशीच्या घरातले एक शेतकरी आजोबा होते. गाईगुरं, थोडी मेंढरं, घरामागे बटाट्याचे वाफे. गवत एवढं माजतं की गुरांना वर्षातले बहुतेक महिने चारा उभाच असतो, पण तोच चारा हिवाळ्यासाठी वाळवायचा तर सलग तीन-चार दिवसांची उघाड लागते आणि ती मिळेलच असं नाही. म्हणून ते गवत ओलंच कापून, आंबवून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. शेताशेतांत त्या काळ्या गठड्या पडलेल्या दिसतात. जळणासाठी दलदलीतून कापलेल्या पीटच्या विटाही तशाच, एकमेकींना टेकवून वाऱ्याला उभ्या करायच्या आणि सुकण्याची वाट बघायची. आम्ही पावसाची वाट बघतो तितक्याच आतुरतेने आजोबा उघाडीची वाट बघायचे. सकाळी कुंपणापाशी भेटले की रेडिओवर ऐकलेला अंदाज आधी सांगायचे, ख्यालीखुशाली मागाहून.

त्यांच्याकडे एक दिवस मी जे बघितलं ते विसरणं शक्य नाही. गोठ्याजवळ एका पिंपात निळंशार पाणी कालवलेलं होतं. वास ओळखीचा, रंग ओळखीचा. ते मोरचूद होतं. बटाट्यावर फवारायला. बापजाद्यांपासूनची सवय, म्हणाले, अजून सुटत नाही. त्यांच्या बटाट्यावर येणारा करपा फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळे येतो. आणि आमच्या संत्र्याच्या खोडातून डिंक ओघळायला लावणारा डिंक्या रोग? तोही फायटोफ्थोराच, त्याच घराण्यातला भाऊबंद. पावसाळ्याआधी आम्ही एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना दहा लिटर पाण्यात कालवून बोर्डो मलम करतो आणि खोडाला लावतो. मी फोनमधले आमच्या बागेचे फोटो दाखवले, पांढरट-निळी खोडं दाखवली. आजोबांनी चष्मा वर करून एकेक फोटो बघितला आणि पिंपाकडे बोट दाखवलं. दोन टोकांच्या दोन शेतकऱ्यांना पुढे फार बोलावं लागलं नाही.

या बुरशीने त्या देशाचं काय केलं हे जगाला ठाऊक आहे. 1845 मध्ये ती बटाट्यावर पडली. सौम्य ऊब आणि न सुटणारी ओल ही तिच्या वाढीची हवा, आणि आयर्लंडची उन्हाळ्यातली हवा नेमकी तशीच. गरिबाचं ताट सगळं बटाट्यावर होतं. शेतात पीक काळं पडून सडत गेलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. मोरचुदाचा उपाय फ्रान्समध्ये सापडला तो 1880 नंतर, तोवर चाळीस वर्षं उलटली होती. आमच्या वऱ्हाडाने 1899-1900 चा दुष्काळ भोगला तो पाणी नव्हतं म्हणून. आयर्लंडने भोगला तो ओल सरली नाही म्हणून. हवा सौम्य आहे म्हणजे ती दयाळू आहे असं समजू नये, हे मला तिथे नीट कळलं. पुढे ऑस्टिन बर्क नावाच्या त्यांच्या हवामानशास्त्रज्ञाने नियम बसवला: तापमान दहा अंशांच्या वर आणि हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर, अशी स्थिती सलग बारा तास राहिली की करप्याचा धोका सुरू. आजही तिथलं हवामान खातं त्या हिशेबाने शेतकऱ्याला करप्याचा इशारा देतं.

हिवाळ्यातली केरी वेगळीच. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत बुडतो आणि सकाळी साडेआठ उलटले तरी उगवत नाही. बर्फ किनाऱ्यावर क्वचितच, पण वादळं एकामागून एक. त्यांना नावं असतात, इशाऱ्याला पिवळा, नारिंगी, लाल रंग असतात, आपल्या हवामान खात्यासारखेच. 2017 च्या ऑक्टोबरात ओफेलिया आलं तेव्हा फास्टनेट खडकावर ताशी 191 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याही आधीचं, 6 जानेवारी 1839 च्या रात्रीचं महावादळ लोकांच्या स्मरणात इतकं रुतलं की 1909 मध्ये म्हातारपणाचं निवृत्तिवेतन सुरू झालं तेव्हा जन्मदाखला नसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं जाई, ती रात्र आठवते का? आठवते म्हणणाऱ्याचं वय धरलं जाई. आमच्याकडेही जुनी माणसं मानमोडीच्या साथीवरून आणि दुष्काळावरून आपलं वय सांगत. हवेने माणसाच्या आयुष्यावर मारलेली खूण दोन्हीकडे कागदाआधीची.

पावसाचा अंदाज बांधण्याची हौसही दोन्हीकडे सारखी. अक्षय्य तृतीयेला बुलढाण्याच्या भेंडवळमध्ये घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे वऱ्हाडभर तिच्या भाकिताची चर्चा होते. आयर्लंडमध्ये 15 जुलैला, संत स्विदिनच्या दिवशी पाऊस पडला तर पुढचे चाळीस दिवस पडणार असं जुनी माणसं म्हणतात. ऋतूही त्यांचे आपल्या नक्षत्रांसारखे परंपरेने बांधलेले: 1 फेब्रुवारीला संत ब्रिजिडच्या सणाला वसंत, 1 मे रोजी उन्हाळा, 1 ऑगस्टला शरद, 1 नोव्हेंबरला हिवाळा. मे-जून हे वर्षातले सर्वांत जास्त उन्हाचे महिने. ऊन म्हणजे दिवसाला सरासरी पाच-सहा तास, आणि तेवढ्यावर माणसं समुद्रकाठी अंग शेकायला निघतात.

पण या देशाने नुसत्या अंदाजावर काम भागवलं नाही, याचं मला मोल वाटतं. व्हॅलेन्शिया वेधशाळा 1868 मध्ये त्या नावाच्या बेटावर सुरू झाली. 1866 साली अटलांटिकच्या तळातून अमेरिकेला गेलेली तार याच बेटावरून निघाली होती. वेधशाळा 1892 मध्ये समोरच्या काहरसिव्हीन गावाजवळ आली, नाव मात्र तेच राहिलं. दीडशे वर्षांहून जास्त काळ वारा, दाब, पाऊस, ऊन यांचे आकडे तिथे जमा होत आले आहेत. महायुद्धात मेयो काउंटीतल्या ब्लॅकसॉडच्या टपाल कचेरीत हवेची नोंद ठेवणारी मॉरीन फ्लाविन ही मुलगी केरीचीच. 3 जून 1944 या आपल्या एकविसाव्या वाढदिवशी तिने वायुदाब उतरत असल्याची नोंद कळवली. नॉर्मंडीवरचा हल्ला 5 जूनला ठरला होता, तो 6 जूनवर गेला आणि हजारो सैनिक वादळात सापडता सापडता वाचले. टपाल कचेरीतल्या एका नोंदीचं वजन एवढं असू शकतं.

तिथून परतताना मनाशी एक गोष्ट पक्की झाली. वऱ्हाडाला डब्लिनइतका पाऊस मिळतो, आणि काळी माती तर अशी की पोटात धरलेल्या ओलीवर हरभरा काढून देते. आमची उणीव दोन ठिकाणी आहे. चार महिन्यांचं पाणी बारा महिन्यांना पुरवण्याची व्यवस्था अपुरी आहे, आणि कुठे किती पडलं याची गावागावांत नोंद नाही. पहिल्यासाठी शेततळी आहेत, बांधबंदिस्ती आहे, सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे, आणि त्यातलं पाणी शेताला किती व कारखान्याला किती हा आमच्या भागातला कळीचा प्रश्न आहे. दुसऱ्यासाठी राज्याने महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात आणि वऱ्हाडात बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो, दुसरं कोरडं राहतं. पीकविम्याचे निम्मे वाद इथेच जन्मतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नांदगाव पेठेत आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणात एक पर्जन्यमापक असावा आणि त्याच्याजवळ एक वही. सकाळी साडेआठला पोरांनी आकडा वाचावा, लिहावा, फळ्यावर टाकावा. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. पण आपल्याच शिवारात किती झाला हे शेतकऱ्याला कोण सांगणार? फळ्यावरचा तो आकडा सांगेल. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून बियाणं मातीत टाकणारं आणि पुढच्या खंडात दुबार पेरणीच्या कर्जात बुडणारं एक घर जरी त्या वहीमुळे वाचलं, तरी केरीचा प्रवास सत्कारणी लागला असं मी म्हणेन.